भरवसा कोणावर, कशासाठी?



“आजकाल कोणावर भरवसाच राहिला नाही,” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, पुढारी, सगळे एकाच तागडीत! ब्रिटनमधल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका ओनोरा ओनील यांनी याच तक्रारीचा नीट विचार केला आहे.

१९४१ साली उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ओनील ऑक्सफर्डला शिकल्या. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉन रॉल्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या नीतिविचारावर पीएच.डी. केली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात आणि १९७७ पासून इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९९२ ते २००६ या काळात त्या केंब्रिजमधील न्यूनम या महिला कॉलेजच्या प्रमुख होत्या.

कर्तव्य हा त्यांच्या संशोधनाचा पाया. जगातल्या भुकेवर त्यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. भुकेल्याला अन्नाचा हक्क आहे, एवढे म्हटल्याने त्याचे ताट भरत नाही. ते भरण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

२००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत त्या विश्वास या विषयावर बोलल्या. तिथेही विचाराची दिशा तीच. लोकांचा विश्वास कसा वाढेल, यापेक्षा आपण विश्वासाला पात्र कसे होऊ, हे आधी पाहावे. पात्रता तीन गोष्टींवर ठरते: काम येते का, माणूस खरे बोलतो का आणि दिलेला शब्द दर वेळी पाळतो का. शिवाय भरवसा कामापुरता असतो. एखाद्या बाई मुलांना वाचायला उत्तम शिकवतील, म्हणून शाळेची बस त्यांच्या हाती देता येत नाही.

नुसते तक्ते आणि अहवाल वाढवून विश्वास वाढत नाही, हेही त्यांनी बजावले. आकडे सांभाळता सांभाळता मूळ काम मागे पडते. आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको!

आता घरातलेच पाहा. मामू पैशाच्या व्यवहारात चोख असतील, पण त्यांनी मोबाइलवर पाठवलेला औषधाचा नुस्खा आजारी मुलाला द्यायचा का? तिथे डॉक्टरांनाच विचारायला हवे. त्यात मामूंचा अपमान नाही. आणि मुलाला “रविवारी नक्की नेईन” असे सांगून आपण विसरलो, तर पुढच्या वेळी त्याने आपल्यावर भरवसा का ठेवावा? मूल वाद घालणार नाही कदाचित, पण हिशेब ठेवते.