पार्लरमधले दात

परवा भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेलो होतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर तुटून पडणारी ही पोरगी हळदीच्या दिवशी नुसता ताकभात गिळत होती. "काय गं, आत्तापासूनच सासरचा धाक?" म्हणून चिडवलं, तर डोळ्यांत पाणी. "मामा, हिरड्या भाजल्यात."

चार दिवसांपूर्वी एका पार्लरमध्ये फेशियलसोबत 'टीथ व्हाइटनिंग' करून घेतलेलं. दातांना जेल लावलं, निळा लाईट मारला, संपलं. तोंड आधी कुणी तपासलंच नाही. खरं तर हे जेल म्हणजे पेरॉक्साइड. डेंटिस्ट आधी कीड, उघडी पडलेली मुळं बघतो, हिरड्यांवर संरक्षक थर लावतो आणि मगच जेलला हात घालतो. शिवाय तंबाखू-मिश्रीचे वरवरचे डाग असतील तर ते आधी नीट साफ करावे लागतात, आणि कॅप किंवा सिमेंट भरलेला दात ब्लीचने पांढरा होतच नाही. हे त्या पार्लरवालीला कुणी शिकवलं असेल?

मी जरा तणतणलो, तर आमचे एक मेहुणे म्हणाले, "अहो, हा काय आजार आहे का? ब्यूटीची गोष्ट आहे." खरी गोम इथेच आहे मंडळी! १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची व्याख्या काढून बघा. शस्त्रक्रिया, रोग, उणीव, इजा, भूल, कवळी... सगळं आहे. दात पांढरे करणं हा शब्दच नाही. असणार तरी कसा? तेव्हा लोकांना दात टिकवायची पंचाईत होती. आणि त्या कायद्यात नोंदणी नसताना धंदा करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दंड किती होता? जास्तीत जास्त ५०० रुपये! आज एवढ्यात फेशियलसुद्धा होत नाही. २०२३ साली संसदेने या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. पण पार्लरमधल्या जेलबद्दल नियमात स्वच्छ शब्दांत लिहिलं जात नाही, तोवर पळवाट उघडीच.

बाहेर हा वाद कधीच झालाय. इंग्लंडमध्ये २०१३ साली हायकोर्टाने सांगून टाकलं, दात पांढरे करणं हे डेंटिस्टचंच काम. युरोपीय संघाने २०११ सालीच ०.१ टक्क्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइड फक्त डेंटिस्टलाच विकायचं, आणि १८ वर्षांखालच्यांना वापरायचं नाही, असा नियम केला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं डॉक्टर लोकांची दुकानं चालावीत म्हणून. आरोप अगदीच खोटा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डेंटल बोर्डाने पार्लरवाल्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने बोर्डालाच चाप लावला. ज्यांचा स्वतःचा धंदा आहे त्यांनी सरकारी देखरेखीशिवाय दुसऱ्याचा धंदा बंद करायचा नाही, हे त्यातलं सार. मला ते पटतं. म्हणूनच ही रेघ डॉक्टरांच्या संघटनेने नाही, सरकारने ओढावी. आणि ती धंद्यावर नाही, इजेवर ओढावी. ओठांना रंग लावा, मेंदी काढा, खुशाल. पण तोंडात रसायन घालायचं किंवा दात घासून पातळ करायचा, तर राज्य दंत परिषदेत नोंदणी हवीच. दाताचं एनामल केसासारखं परत उगवत नाही हो!

"गरिबाला डेंटिस्ट परवडत नाही" हेही ऐकलं. मग डेंटिस्ट स्वस्त करा, सिव्हिलमध्ये सोय वाढवा. गरिबाने भाजून घ्यावं हा कुठला न्याय?

असो. लग्न छान झालं. फोटोत दात पांढरेशुभ्र आलेत, फक्त एकाही फोटोत पोरगी मनापासून हसलेली नाही.

आपल्या घरात यंदा लग्न असेल तर एवढंच करा. खुर्चीत बसायच्या आधी विचारा, "तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय?" उत्तर देताना समोरचा अडखळला, तर चपला घाला आणि बाहेर पडा.