भाराभर चिंध्यांचे भय

'एक ना धड, भाराभर चिंध्या' या म्हणीने आमच्या पांढरपेशा समाजाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही म्हणीने क्वचितच केले असेल. मुलाने सुताराची हत्यारे हाती घेतली की वडील ती म्हण उच्चारतात. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने बंगाली शिकावयास आरंभ केला की मावशी तीच म्हण ऐकवते. दहावीनंतर शाखा ठरावी, शाखेवरून पदवी, पदवीवरून नोकरी, आणि नोकरी लागताच जिज्ञासेने निवृत्त व्हावे, असा हा राजमार्ग! या मार्गाने आलेले शेकडो विद्यार्थी आम्ही वर्गात पाहिले आहेत. परीक्षेत ते अडत नाहीत. परंतु नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा एखादा प्रश्न समोर ठेवावा, तर 'हे आम्हांला नव्हते' एवढेच उत्तर मिळते.

पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात, लोणी देवकर हे गाव आहे. तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि भोवतालच्या आईबापांस मुलाच्या जन्माची ददात मिटल्यासारखे वाटू लागले. एक यंत्र शिकले की झाले! यंत्रे बदलतात, याचा विचार कोणी करावा? अशा पालकांनी आपल्याच तालुक्यात, नीरेच्या काठी वसलेल्या वालचंदनगराकडे एकवार दृष्टी टाकावी, अशी आमची विनंती आहे.

ज्यांचे नाव त्या गावास मिळाले ते शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. महाविद्यालयात गेले, पण पदवी न घेताच परतले. सराफी आणि कापूस हा घरचा धंदा. तो असता त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील एका माजी कारकुनाशी भागी करून रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ साली सिंदिया कंपनी काढून ते जहाजांच्या धंद्यात पडले. पुढे कळंबच्या जमिनीवर ऊस आणि साखर. १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना. १९४१ साली विशाखापट्टणास जहाजबांधणी. १९४४ साली प्रीमियर कंपनी आणि मोटारी. आमच्या म्हणीच्या हिशेबाने या चिंध्याच म्हणावयाच्या! परंतु रेल्वेच्या कंत्राटात माणसे, माती आणि मुदत यांचा मेळ घालावयास जो शिकला, त्यास ओसाड जमिनीवर कारखान्याचे गाव वसविणे अपरिचित वाटत नाही. त्या गावाची पुढची कथाही हेच सांगते. साखरेच्या कारखान्यासोबत आलेली यंत्रविद्या साखरेपुरती राहिली नाही. दुसऱ्यांचे साखर कारखाने उभारण्याची यंत्रे तेथे घडू लागली, आणि कालांतराने इस्रोच्या अग्निबाणांची आवरणेही तेथेच घडली. उसापासून आकाशापर्यंतचा हा मार्ग कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नव्हता.

यावर आक्षेप येईल की, शेठजी धनिकाघरचे. त्यांस प्रयोग परवडले. ठीक आहे. मग नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात माळीनगरास जावे. सासवडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्यामागोमाग गाव सोडून निघाले, परक्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागले, गूळ करू लागले, आणि १९३२ साली त्यांनी स्वतःच्या साखर कारखान्याची कंपनी स्थापिली. ना इंग्रजी विद्या, ना सराफी पेढी! ऊस लावताना जे उमगले नव्हते ते गुऱ्हाळात उमगले, आणि गुऱ्हाळात जे साधेना त्यासाठी कारखान्याकडे वळले. जिज्ञासेला भांडवल लागते ही सबब आम्हां सुशिक्षितांचीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शस्त्रवैद्य एकाच विद्येत मुरलेला असावा, त्याने चार धंदे करू नयेत. आम्हांसही तसाच वैद्य हवा. परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या तेव्हा पन्नाशीतल्या ज्या वैद्यांनी पुनश्च शिकाऊ होण्याची लाज बाळगली नाही, तेच त्या विद्येत टिकले. मुरणे निराळे आणि गोठणे निराळे.

म्हणीत सत्याचा अंश आहे, तो आम्ही नाकारीत नाही. आरंभ करून सोडून दिलेल्या कामातून काहीच हाती येत नाही. तेव्हा मुलांस निर्बंध घालावयाचाच असेल तर तो आरंभावर नको, सोडण्यावर असावा. घेतलेले काम निदान एका टप्प्यापर्यंत न्यावे. ते का साधले अथवा का फसले हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. मगच खुशाल दुसरे घ्यावे. तिरपे झालेले स्टूल, पोळलेले बोट आणि अर्धवट कळलेली बंगाली गोष्ट यांची किंमत खाजगी शिकवणीच्या एका महिन्याच्या शुल्काहून खचित कमी आहे.

आणि ही परीक्षा मुलांपुरती ठेवू नये. गेल्या पाच वर्षांत आपण स्वतः कोणते नवे काम हाती घेतले, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाने व गृहिणीने स्वतःस विचारावा. ज्यांस उत्तर सुचणार नाही, त्यांनी मुलांपुढे चिंध्यांची म्हण उच्चारण्याचा अधिकार गमावला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.