मानेवरचा काळा पट्टा

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील बालकांविषयी बोलणे निघाले की 'कुपोषण' हा शब्द आपोआप ओठांवर येतो. तो यावाच. परंतु याच जिल्ह्यांतील ऊर्जानगरच्या वसाहतीत, बल्लारपूर, राजुरा वा देसाईगंजच्या बाजारपेठेत पोट सुटलेला, मानेला काळपट पट्टा पडलेला दहा-बारा वर्षांचा मुलगाही आता भेटतो आणि त्याची काळजी कोणालाच वाटत नाही. 'खात्यापित्या घरचा आहे' म्हणून कौतुकच होते. आई मात्र मानेवरचा 'मळ' निघावा म्हणून घासून घासून थकते.

तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन मुबलक असूनही स्नायू आणि यकृत त्याला दाद देईनासे होतात, या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते आणि रक्तातील साखर काही वर्षे ताब्यात ठेवते. रक्तातील हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींची वाढ चेतविते. मान, काख, जांघ येथील त्वचा जाडसर, मखमली आणि काळसर होते. वैद्यकात तिला 'अकॅन्थोसिस नायग्रिकन्स' असे अवघड नाव आहे. उटणे, लिंबू, वज्री यांपैकी कशानेही ती उजळत नाही. स्थूल मुलाच्या मानेवर हा पट्टा दिसला तर तो बहुधा आतील बिघाडाचा निरोपच असतो.

येथेच पालकांची फसगत होते. ते मुलाच्या रक्तातील साखर तपासून घेतात, अहवाल निर्दोष येतो आणि विषय संपतो. समजा, दोन मुलांची उपाशीपोटीची साखर 90 आहे. पण एकाचे इन्सुलिन 6 आहे, दुसऱ्याचे 18. 'होमा' नावाच्या सूत्रात साखर आणि इन्सुलिन यांच्या गुणाकाराला 405 ने भागतात. पहिल्याचा आकडा 1.3 येतो, दुसऱ्याचा 4. साखर तीच, मात्र तेवढीच साखर राखण्यासाठी दुसऱ्याला तिप्पट इन्सुलिन लागते आहे. वयात येताना हा प्रतिरोध निसर्गतःही काहीसा वाढतो, प्रयोगशाळांच्या पद्धतीही भिन्न असतात. म्हणून एका आकड्यावरून मुलाच्या कपाळी शिक्का मारू नये. सोबत ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि 'चांगले' म्हटले जाणारे एचडीएल घटलेले असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 19 वर्षे वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. त्याच सर्वेक्षणात, त्याच वयोगटात, जवळजवळ चौथा हिस्सा मुले उंचीच्या मानाने कृश होती! कुपोषण एका भारतात आणि स्थूलता दुसऱ्या भारतात, अशी सोयीस्कर वाटणी आता टिकणारी नाही.

या दोहोंना जोडणारा दुवा महाराष्ट्रातच सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. त्यांचे स्नायू क्षीण होते, परंतु चरबी त्या मानाने शाबूत होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त अशी ही बालके! 1999 साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातीलच दुसऱ्या अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांची पाहणी होती. जन्मतः कमी वजनाची असलेली आणि आठव्या वर्षी मात्र अंगाने भरलेली जी मुले होती, त्यांच्यात इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. 2008 साली मातेच्या आहाराचाही धागा पुढे आला. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच या प्रतिरोधाचे प्रमाण अधिक दिसले. मुलाच्या खादाडपणाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995-96 मध्ये जिल्ह्यातील 39 गावांत नवजात बालकांची नोंद घेतली, तेव्हा शंभरांतील 42 बालके अडीच किलोहून कमी वजनाची होती. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या हातून, घरच्या घरी त्यांची शुश्रूषा झाली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली जगाने वाचले. केवढे मोठे काम! त्या वेळची वाचलेली बालके आज तिशीत आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची मुले शाळेच्या वयाची असतील. जन्मतः अपुरी शिदोरी घेऊन आलेल्या शरीरावर पुढे गोड शीतपेये, कुरकुऱ्यांची पाकिटे आणि बैठे जीवन यांचा भार पडला, तर काय होते ते पुण्याच्या अभ्यासाने सांगितलेच आहे. बाळ किरकोळ आहे म्हणून त्याला साखर-तुपावर 'भरून काढणे' हा उपाय नव्हे. त्याला डाळ, दूध, अंडी हवीत. मामा तलावांतील मासे आपल्या पूर्व विदर्भाचे वैभव आहे आणि त्यांत बी-12 असते. शाकाहारी घरांनी दूध-दह्याबाबत हात आखडता घेऊ नये, विशेषतः मुलीच्या ताटात. उद्याच्या बालकाचे वजन आजच्या किशोरीच्या ताटात ठरत असते.

या भागातील डॉक्टरांना आणि पालकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. चंद्रपूर-गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा म्हणून जो 'एचबीए-वन-सी' तपास सर्रास सांगितला जातो, तो लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी अल्पायुषी असल्याने आकडा फसवा, बहुधा खोटा कमी येतो. वाहकातही तो दिशाभूल करू शकतो. शहरातील कागदी पद्धत जंगलात जशीच्या तशी चालत नाही, ती अशी! म्हणून येथे मुलाचा सिकलसेल अहवाल आधी पाहावा आणि साखर-इन्सुलिनचा तपास उपाशीपोटी, प्रत्यक्ष रक्तातून करून घ्यावा.

खेळाविषयी उपदेश सोपा असतो. चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि 2022 साली दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. तेथे सायंकाळी मूल अंगणात सोडावे असे कोणत्या तोंडाने सांगावे? अशा वसाहतींना कुंपण आणि दिवे असलेले मैदान हवे. ते मागण्यासाठी कार्यकर्त्यांनी निवेदने द्यावीत, त्यात राजकारण काहीच नाही.

घरी करायची परीक्षा मात्र विनामूल्य आहे. मुलाच्या उंचीएवढी दोरी कापून ती दुमडून निम्मी करावी आणि कमरेभोवती फिरवून पाहावी. टोके मिळाली नाहीत, तर घेर अधिक आहे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा शिक्षकांनी हीच दोरी हाती घ्यावी आणि वजनकाट्यासोबत मुलांच्या मानेकडेही नजर टाकावी. शाळेच्या आवारात व फाटकापासून 50 मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट खाद्य विकू नये असा नियम 2020 साली देशभरासाठी झाला आहे. एखाद्या शनिवारी आपल्या मुलाच्या शाळेसमोर उभे राहून ते 50 मीटर पावलांनी मोजावेत, आणि मध्ये किती टपऱ्या लागतात ते शालेय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडावे.