टेन्शन साहेबाचे आणि शिपायाचे

‘साहेब टेन्शनमध्ये आहेत’ हे वाक्य कोणत्याही कचेरीत ऐकू येते. शिपायाबद्दल असे कोणी म्हणत नाही. फार तर ‘आज त्याचे लक्ष नाही’ म्हणतात. जबाबदारी मोठी तितका ताण मोठा, हे आपण धरूनच चालतो. ते खरे नाही.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८,००० पुरुषांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. ‘व्हाइटहॉल पाहणी’ म्हणून ती ओळखली जाते. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या निरोप्या-दरवानांमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडेना. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या. तिच्यातून एक दुवा हाती लागला, तो म्हणजे आपल्या कामावर आपली सत्ता किती चालते हा. काम पुष्कळ असणे वेगळे आणि ते केव्हा, कसे करायचे हे ठरविण्याची मुभाच नसणे वेगळे.

मी आंबिवलीत राहतो, म्हणून मला हे चटकन पटले. शेजारच्या मोहन्याचा एनआरसी हा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. आता नोकरी म्हटली की बहुतेकांना लोकल आलीच. कल्याणपर्यंत गाड्यांना तोटा नाही. आंबिवलीला थांबते ती टिटवाळा, आसनगाव नाही तर कसारा. कल्याणपलीकडे वर्षानुवर्षे दोनच मार्ग, आणि नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्याही त्यांवरूनच. एक गाडी चुकली की मस्टरवर लाल खूण. अशा तीन खुणा झाल्या की पुष्कळ ठिकाणी एक किरकोळ रजा कापली जाते. या माणसाचा कचेरीतला ताण फलाटावरच्या इंडिकेटरपाशी सुरू होतो. उशीर साहेबांनाही होतो, पण त्यांच्या उशिराला ‘मीटिंग’ म्हणतात!

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, हे चांगलेच झाले. बदल्यात रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले. मुंबईत वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. शिपायांना मात्र साडेनऊ ते साडेसहा. दारे उघडायची आणि लावायचीही त्यांनीच, हे कारण समजते. पण सर्वांत लांब दिवस सर्वांत कमी पगाराच्या माणसाला, हेही त्यातच आले.

उपाय म्हणून काय होते? ताणमुक्तीचे शिबिर. माझ्या माहितीच्या एका कचेरीने ते सुटीच्या शनिवारी ठेवले आणि हजेरी सक्तीची केली. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे तेथे सांगण्यात आले. सकाळच्या डब्यात छाती फुगवायला जागा मिळत नाही, त्याचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही.

मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या कचेरीत कामाच्या दोन वेळा लावल्या आणि इतरांनाही तशी विनंती केली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसे गेली, तेव्हा पुन्हा तीच चर्चा झाली. मला त्यात एकच भर घालायची आहे. वेळ वरून ठरवून देऊ नका, ज्याची त्याला निवडू द्या. साडेआठ ते साडेदहा केव्हाही यावे आणि तास भरून जावे. शिपायांपैकी एकाने दार उघडावे, दुसऱ्याने लावावे. मस्टरच्या जागी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आता जागोजागी बसले आहे, त्याला तास मोजता येतात. सध्या त्याच्याकडून फक्त उशीर मोजून घेतला जातो.