शेजारच्या सीटवरचा माणूस

मैत्रिणींनो, एस.टी.त चढल्यावर आपली पहिली नजर जाते ती शेजारी कोण बसणार याकडे. तंबाखू मळणारा नको, घोरणारा नको आणि बडबड्या तर मुळीच नको!

‘चलो दिल्ली’ हा २०११ सालचा हिंदी चित्रपट याच धास्तीवर बेतलेला आहे. लारा दत्ताची मिहिका मुंबईतली बडी अधिकारी, वेळेची आणि टापटिपीची पक्की. विनय पाठकचा मनू गुप्ता दिल्लीचा दुकानदार. खाणार मनसोक्त, बोलणार अखंड. दिल्लीचे विमान जयपूरला उतरते आणि पुढचा प्रवास या विजोड जोडीला मिळेल त्या वाहनाने करावा लागतो. ती प्रत्येक अडचणीवर चिडते, तो हसून पुढे जातो. आपणही हसतो. पण शेवटी कळते की या हसऱ्या माणसाच्या घरी बायको गंभीर आजारी आहे. मग आधीचे सारे हसू घशात अडकते.

प्रवासातली अशी गंमत आपल्याला नवी नाही. १९७२ चा ‘बॉम्बे टू गोवा’ आठवतो ना? मेहमूद कंडक्टर, आणि बसमध्ये नाना प्रांतांची नाना तऱ्हेची माणसे. सचिन-सुप्रियांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ने २००४ साली तीच मजा गणपतीपुळ्याच्या एस.टी.त आणली.

आणि आपली बारामती-इंदापूर गाडी काय कमी आहे? काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी... प्रत्येक थांब्यावर नवे पात्र चढते! कुणी बाजाराची पिशवी सांभाळत, कुणी दवाखान्याचे कागद छातीशी धरून. पुढे उसाची ट्रॉली आडवी आली, की तासाचा प्रवास दीड तासाचा. याच रस्त्याने आषाढात तुकोबांची पालखी जाते. दिंडीत कोण शेजारी चालतो हे कुणी निवडत नाही; तरी ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात.

२०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. एकटीने माहेरी, दवाखान्यात किंवा बाजाराला निघणे त्यामुळे सोपे झाले. म्हणून या चार गोष्टी ध्यानात ठेवा :

● गाडी लागत असेल तर पुढची, खिडकीजवळची जागा धरा. आवळासुपारी जवळ असू द्या. निघण्याआधी तेलकट नको.

● दशमी-चटणी आणि पाणी घरूनच घ्या. अनोळखी माणसाने दिलेले खाणे गोड बोलून टाळा.

● सुटे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवा. मोठी रक्कम चारचौघांत काढू नका.

● गप्पा जरूर मारा, पण घरी कोण असते, कोण नसते, हे सांगत बसू नका. कुणी अंगचटीला येऊ लागला तर भीड न धरता उठा आणि कंडक्टरला मोठ्याने सांगा. समजूतदारपणा म्हणजे सोसणे नव्हे!

एवढी सावधगिरी बाळगली, की मग मन थोडे सैल सोडायला हरकत नाही. बडबडणाऱ्या बाईला कदाचित घरी बोलायला कुणी नसेल. गप्प बसलेलीच्या पिशवीत कदाचित दवाखान्याचा रिपोर्ट असेल.

हे घरालाही लागू आहेच की. सासूबाई, जाऊबाई, नणंद, इतकेच काय, आपले ‘हे’सुद्धा! यांतले कितीसे सहप्रवासी आपण निवडून घेतले होते? तरी गाडी चाललीच आहे ना? मग आज जरा त्यांच्याकडे वळून विचारा, “काय हो, बरं आहे ना?”