चार बोल्टांची नोंद

८ जुलै २००७. अमेरिकेत सिएटलजवळच्या एव्हरेट इथल्या बोइंगच्या कारखान्यात हजारो लोक जमले होते. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून दिवस ७-८-०७ आणि विमानाचं नाव ७८७. मुहूर्त असा साधलेला. दारं उघडली, नवंकोरं विमान दिसलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. विमान आतून मात्र पोकळ होतं आणि बरेचसे भाग तात्पुरत्या बोल्टांवर उभे होते. २००८ मध्ये ग्राहकाला द्यायचं हे विमान शेवटी दिलं गेलं सप्टेंबर २०११ मध्ये.

जागतिकीकरणाने अमेरिकी कंपन्यांचं काय झालं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: स्वस्त मजुरीच्या मागे त्या बाहेर गेल्या. ७८७ ला हे उत्तर बसत नाही. या विमानाचे पंख जपानमध्ये बनतात, धडाचे मधले भाग इटलीत. हे काय स्वस्त मजुरीचे देश आहेत?

बोइंगला हवा होता दुसऱ्याचा पैसा. तिने पुरवठादारांना सांगितलं, भागांचं डिझाइन तुम्ही करा, सुरुवातीचा खर्चही तुम्हीच घाला, विमानं विकली जातील तसे तुमचे पैसे सुटतील. या व्यवहाराला गोंडस नाव होतं, 'जोखमीतले भागीदार'. भागीदारांनी पुढे स्वतःचे उपकंत्राटदार नेमले. कुठला तुकडा कुठे आणि का अडलाय, हे खुद्द बोइंगलाच वेळेवर कळेना.

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. एल. जे. हार्ट-स्मिथ या बोइंगच्याच इंजिनिअरने २००१ मध्ये कंपनीपुढे निबंध मांडून बजावलं होतं की, काम बाहेर दिलंत की नफाही बाहेर जाईल. धोका मात्र तुमच्याच गळ्यात राहील. त्याच वर्षी कंपनीने मुख्यालय सिएटलहून शिकागोला हलवलं. विमानं एकीकडे, साहेब दुसरीकडे. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, प्रवासी विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी कबूल केलं की, महत्त्वाचं काम घरात ठेवलं असतं तर जितका खर्च आला असता, त्याहून कितीतरी जास्त पैसा सावरण्यात गेला.

मग सगळं परत अमेरिकेत आणायचं का? सध्या तिकडे हीच आरोळी आहे आणि ती तितकीच फसवी आहे. जपानी कंपन्या ७६७ च्या काळापासून बोइंगसाठी धडाचे भाग बनवताहेत. ७८७-९ चे फ्लोअर बीम नागपुरात, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात बनले. नागपूरच्या कामगाराने त्यासाठी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही. काम दूर गेल्याने विमान बिघडत नाही. काम देणाऱ्याला त्या कामातलं कळेनासं झालं, की बिघडतं.

पुरावा हवा असेल तर ५ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवा. पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला एक पॅनेल सुमारे १६,००० फुटांवर उडून गेला. आत १७७ माणसं होती. सगळी वाचली, हे नशीब.

पॅनेल मलेशियात बनलेला. धडात बसवला कॅन्ससमधल्या विचिटा इथे, स्पिरिट या कंपनीने. ही स्पिरिट म्हणजे मुळात बोइंगचाच कारखाना, २००५ मध्ये विकून टाकलेला. 'बघा, मलेशियाचा माल!' म्हणायला रान मोकळं होतं. तपासात निघालं वेगळंच. धड बोइंगच्या रेंटनमधल्या कारखान्यात आलं, तेव्हा त्याचे काही रिव्हेट खराब होते. ते दुरुस्त करायला आली स्पिरिटची माणसं, त्यांच्यासाठी पॅनेल उघडला बोइंगच्या माणसांनी, आणि परत लावताना चार बोल्ट राहून गेले. पॅनेल नेमका कुणी उघडला, याची नोंदच नाही.

विकलेली स्पिरिट परत विकत घेण्याचा करार बोइंगने त्याच वर्षी केला.

कंपन्यांनी जगभरातून माल घ्यावा, खुशाल घ्यावा. पण काम वाटताना उत्तर देण्याची जबाबदारीही वाटून टाकायची आणि शेपटावर नाव मात्र आपलंच ठेवायचं, ही सूट त्यांना कुणी दिली? ज्याचं नाव, त्याच्याकडे प्रत्येक बोल्टचा हिशेब असलाच पाहिजे. तो बोल्ट नागपुरात लागलेला असो की रेंटनमध्ये.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमेरिकेचे उद्योग चीनने, मलेशियाने नाहीतर भारताने बुडवले, तर त्याला एवढंच विचारा: त्या चार बोल्टांची नोंद कुठल्या देशात हरवली?