निळ्या रेषेच्या आत कोण राहतं?

पाणी सगळ्यांना सारखंच बुडवतं, असं दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या अग्रलेखात छापून येतं. साफ खोटं. पाणी उतार बघतं. आणि उतारावर, वहाळाच्या तोंडाशी, डोंगराच्या पायथ्याला कुणाला जागा मिळाली हे काय पावसानं ठरवलं? ते गावानं ठरवलं, खोतानं ठरवलं. मग सरकारी कागदानं त्यावर शिक्का मारला.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारपेठेत शिरली. २६ जुलै २००५ च्या पाण्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या. त्या खुणाही पाण्याखाली गेल्या. खेडात जगबुडीनं तेच केलं. त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे खुर्दच्या बौद्धवाडीवर डोंगर खाली आला. १७ माणसं गाडली गेली. बुडालेल्या बाजारपेठेचे फोटो देशभर फिरले. बौद्धवाडीचं नाव तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडी आहे? मी मुंबईत दहा पोरांना विचारलं. दोघांना माहीत होतं, आणि ते दोघेही खेडचे.

पूर येतो कसा, हे आधी समजून घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं, कारण कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. खाली दाभोळच्या खाडीत भरती असली की पाण्याला पुढं वाट नाही. पात्रात गाळ साचलेला. शिवाय कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळी, अलोऱ्याला येतं, वीज तयार करतं, कोळकेवाडीहून पुढं वाशिष्ठीत सुटतं. वीज राज्यभर जाते, पाणी इथं उतरतं. पुराला ते किती जबाबदार, यावर चिपळूणकर आणि इंजिनिअर यांचं भांडण जुनं आहे. गाळाचं मात्र कुणी नाकारलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठं गाळ काढण्याचं चक्र फिरलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता रेषांचं. जलसंपदा खातं नदीकाठाला दोन रेषा मारतं. २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येईल असा पूर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लालच्या मधे निर्बंध. निळा रंग आपला, पण ही रेषा आपल्यासाठी कुणी मारलेली नाही. आणि ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा आला की २५ वर्षं सुट्टी, असं नव्हे. दरवर्षी २५ त एक, एवढा धोका. सलग ३० वर्षं निळ्या रेषेवर संसार केलात, तर निदान एकदा घरात पाणी येण्याची शक्यता १०० त ७०. लाल रेषेवर १०० त २६. चिपळूणला २००५ नंतर सोळाव्या वर्षी पाणी आलं. हा हिशोब वाडीत कुणी सांगितला? तलाठ्यानं? बिल्डरनं?

बुडल्यावर काय मिळतं? ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. नष्ट झालेल्या झोपडीला १५ हजार. दीड लाखात चार भिंती उभ्या राहतात का? आणि तेही पंचनाम्यात नाव आलं तर.

म्हणून मी विम्याबद्दल लिहितोय. काही दोस्त म्हणतील, विमा हा भांडवलदारांचा धंदा. आहेच. कंपनी धर्मादाय करत नाही. पण पैसेवाला आपल्या दुकानाचा विमा काढून झोपतो, आणि आपण पूर ओसरल्यावर पंधरा हजारांसाठी रांगेत उभे राहतो, मग कर्ज काढतो. यात कुठली क्रांती?

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी निघाली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, सगळं एकाच पॉलिसीत. विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा, जमिनीची किंमत त्यात येत नाही. घराच्या विम्याबरोबर आतल्या सामानाला आपोआप घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण. दागिने वेगळे नोंदवावे लागतात. भाड्यानं राहणाऱ्यालाही नुसत्या सामानाचा विमा काढता येतो. तुम्ही मुंबईत आणि गावचं घर गणपती-शिमग्यापुरतं उघडत असेल, तर घर बंद असतं हे अर्जात लिहा, आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. भिंती मातीच्या की चिऱ्याच्या, छप्पर कशाचं, हेही खरं लिहा. खोटं लिहिलं की भरपाईच्या वेळी तेच खोटं तुमच्या अंगावर फेकतात.

खरी गोची पुढंच आहे. घर कुणाच्या नावावर? बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. पण आजही कितीतरी वाड्यांत घर आपलं आणि सातबारा दुसऱ्याचा. घराचं असेसमेंट मेलेल्या आज्याच्या नावावर, वारसनोंद कुणी केलेली नाही. अशा घरात चूल पेटते, माणसं जगतात, पण कागदावर ते घर कुणाचंच नाही. जे कागदावर नाही त्याचा विमा कसा उतरणार आणि पंचनामा कसा होणार?

आणि हप्ता? ज्यांना डोंगराखाली ढकललं त्यांनीच धोक्याचे पैसेही भरायचे? हे आम्हाला मान्य नाही. २०२३ मध्ये सरकारनं एक रुपयात पीक विमा दिला, बाकीचा हप्ता स्वतः भरला. २०२५ मध्ये ते बंदही केलं. म्हणजे मनात आलं तर सरकारला हप्ता भरता येतो. मग पूररेषेतल्या आणि दरडीखालच्या वाड्यांच्या घरांचा सामूहिक विमा सरकारनं का काढू नये? जिथं राहणं म्हणजे मरणच, तिथल्या माणसाला मात्र पॉलिसी नको, सपाटीवर नावावरची जागा पाहिजे. पोसऱ्याच्या १७ जणांना कुठली पॉलिसी परत आणणार होती?

१९४३ मध्ये दामोदर नदीचा पूर बंगालवर कोसळला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. देवाचा कोप म्हणून ते गप्प बसले नाहीत. पाणी मोजायचं, अडवायचं, वापरायचं, हा विचार त्यांनी रेटला, आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. पूर हा सरकारच्या टेबलावरचा प्रश्न आहे, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

तेव्हा दोस्तांनो, येत्या १४ एप्रिलला गावी जाल तेव्हा मिरवणुकीनंतर एक दिवस थांबा. तालुक्याला जाऊन पूररेषेचा नकाशा मागा, माहितीच्या अधिकारात मागा. आपली वाडी कुठल्या रेषेत येते ते विहाराच्या भिंतीवर रंगवा. प्रत्येक घराचं असेसमेंट आणि सातबारा बघा, वारसनोंदीचे अर्ज एकगठ्ठा द्या. ज्यांना परवडतं त्यांनी पावसाच्या आत विमा उतरवा. ज्यांना परवडत नाही त्यांच्या नावांची यादी घेऊन कलेक्टर कचेरीत बसा. मृग नक्षत्र कुणासाठी थांबत नाही.

जयभीम!